फ्रेंचमध्ये माणसाचा स्वभाव सांगायचा तर सुरुवात कुठून करावी?

निळी_शाई
डेल्फ ए-वनची, म्हणजे फ्रेंचच्या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांसाठी धागा काढते आहे. घरच्यांबद्दल, मित्रमैत्रिणींबद्दल, शेजाऱ्यांबद्दल चार ओळी बोलता-लिहिता येणं या पातळीला लागतंच. क्लासच्या नोट्समध्ये स्वभावाच्या विशेषणांची सत्तर शब्दांची यादी असते. यादी पाठ होते, पण वाक्य करायला बसलं की पेन थांबतं.

प्रश्न तीन. सुरुवातीला किती शब्द पुरेत? पुल्लिंगी-स्त्रीलिंगीची भानगड लक्षात कशी ठेवायची? आणि मराठीतून विचार करणारा माणूस नेमका कुठे घसरतो? इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं भरपूर आहेत, मला मराठीच्या अंगाने उत्तरं हवी आहेत.

अनुस्वार
चांगला विषय काढलात ताई. आधी इथे लिहायची पद्धत ठरवून घेऊ, नाहीतर सगळे वेगवेगळं वाचतील.

मी 'झ' लिहीन तो झाडातला झ नाही. 'श' म्हणताना गळा घुमवला की येतो तो आवाज. 'ज़' म्हणजे आपण 'माझा' म्हणताना येतो त्याच्या जवळचा, पण हलका. 'झेनेरो', 'सेरियो' यांच्या शेवटी जो 'ओ' आहे त्याला ओठ 'ओ'चे ठेवा आणि जीभ 'ए'ची. 'तेत्यू'मधल्या 'यू'ला ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. चंद्रबिंदू आला की आवाज नाकात, 'न' किंवा 'म' पूर्ण उच्चारायचा नाही. स्पेलिंगची अक्षरं इंग्रजी नावांनीच लिहू: ई, एस, टी, एक्स.

आता पहिला प्रश्न. वीस शब्द पुरेत, पण यादी वर्णानुक्रमाने नको, शेवटच्या आवाजाप्रमाणे लावा.

पहिला गठ्ठा लिंगाप्रमाणे न बदलणारा: तिमीद (लाजाळू), काल्म (शांत), द्रोल (गमत्या), ऑनेत (प्रामाणिक), सँपातीक (मनमिळाऊ), एगोईस्त (स्वार्थी). यांचं स्पेलिंग मुळातच 'ई'ने संपतं, त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, शब्द तोच. इल ए तिमीद (तो लाजाळू आहे), एल ए तिमीद (ती लाजाळू आहे).

दुसऱ्या गठ्ठ्यात पुल्लिंगी शब्दाचं शेवटचं व्यंजन मुकं असतं आणि स्त्रीलिंगीत 'ई' लागली की ते बोलायला लागतं. बावार – बावार्द (बडबड्या, बडबडी), पास्याँ – पास्याँत (धीराचा, धीराची), अँतेलिझाँ – अँतेलिझाँत (हुशार), मेशाँ – मेशाँत (दुष्ट).

तिसरा गठ्ठा एक्सवाला: झेनेरो – झेनेरोज़ (उदार), सेरियो – सेरियोज़ (गंभीर), पारेसो – पारेसोज़ (आळशी), क्यूरियो – क्यूरियोज़ (चौकस), झालू – झालूज़ (मत्सरी). स्पेलिंगमध्ये एक्स जातो, त्या जागी 'एसई' येतं.

चौथा 'फ'चा 'व' होणारा: आक्तीफ – आक्तीव (सतत काही करणारा), स्पोर्तीफ – स्पोर्तीव (खेळाची आवड असलेला), नाईफ – नाईव (भोळा).

एवढे चार गठ्ठे पक्के झाले की सत्तरांतले बहुतेक शब्द कोणत्या ना कोणत्या गठ्ठ्यात आपोआप बसतात. जे बसत नाहीत ते तेवढे वेगळे पाठ करायचे: झाँती – झाँतीय (प्रेमळ), दू – दूस (मृदू), फ्राँ – फ्राँश (स्पष्टवक्ता), फू – फॉल (वेडा), मालँ – मालीन्य (चलाख).

काजूगर
वरच्या प्रतिसादाला जोड. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाहीच. आपल्याकडे भोळा-भोळी-भोळे बदलतं, पण हट्टी, हुशार, लाजाळू बदलत नाहीत. शाळेत विकारी आणि अविकारी विशेषणं शिकलो तीच ही. इंग्रजीतून फ्रेंचकडे गेलं की प्रत्येक विशेषणाला लिंग का, असा प्रश्न पडतो. मराठीतून गेलं तर कानाला ते खटकतच नाही. 'भोळी मुलगा' असं आपल्या तोंडून चुकूनही येत नाही, तोच कान 'एल ए बावार' ऐकल्यावर टोचायला हवा.

दादर_टीटी
अनुस्वार, एका गोष्टीत वेगळं मत. तुम्ही पुल्लिंगी आधी दिलंत. मी म्हणेन स्त्रीलिंगी आधी शिका.

पुल्लिंगीवरून स्त्रीलिंगी करायचं तर मुक्या अक्षराचा आवाज आधी माहीत हवा. 'बावार' ऐकून शेवटी 'द' येणार की 'त', कसं कळणार? 'बावार्द' माहीत असेल तर शेवटचा आवाज टाकला की पुल्लिंगी हातात. पास्याँत – पास्याँ, झेनेरोज़ – झेनेरो, दूस – दू, फ्राँश – फ्राँ. आवाज टाकणं सोपं असतं, नसलेला आवाज शोधणं अवघड.

अनुस्वार
बोलण्यापुरतं शंभर टक्के मान्य. लिहिताना मात्र शब्दकोशात पुल्लिंगी रूपच मुख्य असतं, स्त्रीलिंगी शेपूट त्याला जोडून दिलेलं असतं. आणि तुमची युक्ती दोन ठिकाणी अडते. एक, 'आक्तीव'मधला 'व' टाकून 'आक्ती' होत नाही, 'आक्तीफ' होतं. दोन, रादीन (कंजूष बाई) याचं पुल्लिंगी 'रादी' नाही, 'रादँ'. 'न' गेला की आधीचा स्वर नाकात जातो आणि बदलतोही. मालीन्यचं मालँ तसंच.

म्हणून वहीत दोन्ही रूपं शेजारी शेजारी, आणि मोठ्याने म्हणताना स्त्रीलिंगी आधी.

दादर_टीटी
जमलं. हेच करावं.

मधली_सुट्टी
पोली म्हणजे सभ्य. आता पोळी लाटताना रोज आठवेल :)

काजूगर
@मधली_सुट्टी, लाटताना हेही आठवा की पोलीचं स्त्रीलिंगी ऐकायला तेच आहे, फक्त लिहिताना एक 'ई' जास्त. तेत्यू (हट्टी) तसंच. बोलताना फरक नाही म्हणून लिहिताना हमखास विसरलं जातं. फियेर (अभिमानी) हाही कानाला एकच, पण स्त्रीलिंगी लिहिताना आतल्या 'ई'वर उलटी मात्रा चढते आणि शेवटी आणखी एक 'ई' येते. लेखी परीक्षेत चूक होते ती याच मुक्या 'ई'ची, जी ऐकू येते तिची नाही.

वडाचापार
तिसऱ्या प्रश्नाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. मराठी माणूस घसरतो त्या जागा माझ्या मते तीन, आणि तिन्ही मराठीच्या चांगल्या सवयींमुळे.

एक, आदरार्थी बहुवचन. 'आजोबा शांत आहेत' म्हणताना आपण क्रियापद अनेकवचनी करतो. तेच डोक्यात ठेवून 'मों ग्राँ-पेर सों काल्म' लिहिलं जातं. फ्रेंचमध्ये आजोबा एकच, म्हणून 'मों ग्राँ-पेर ए काल्म'. समोरच्याला 'वू' (तुम्ही) म्हणून आदर दिला तरी विशेषण माणसं मोजून लागतं. एका पुरुषाला 'वूज़ेत पास्याँ', एका बाईला 'वूज़ेत पास्याँत', आणि समोर तिघं असतील तेव्हाच लिहिताना शेवटी एस. क्रियापद आदर दाखवतं, विशेषण डोकी मोजतं.

दोन, मिश्र जोडी. नवरा-बायको दोघांबद्दल आपण 'ती दोघं भोळी आहेत' म्हणतो, म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. फ्रेंचला नपुंसकलिंग नाही. मिश्र गटाला पुल्लिंगी अनेकवचन लागतं: 'इल सों नाईफ'. दहा बायका आणि एक पुरुष असला तरी 'इल' आणि पुल्लिंगीच.

तीन, त्याचा-तिचा. आपण 'त्याचे वडील' आणि 'तिचे वडील' वेगळं करतो. फ्रेंचमध्ये मालक कोण ते दिसत नाही, वस्तूचं किंवा नात्याचं लिंग दिसतं. दोघांचेही वडील 'सों पेर', दोघांचीही आई 'सा मेर'. सुशीलाबद्दल लिहिताय म्हणून 'सा पेर' होत नाही.

स्लो_लोकल
वडाचापार, दुसरा मुद्दा फार नेमका. हे कुठल्याच पुस्तकात मिळत नाही, कारण पुस्तकं मराठीसाठी लिहिलेली नसतात.

तिसऱ्याला एक पोटमुद्दा. मैत्रीण म्हणजे 'आमी', स्त्रीलिंगी. पण स्वराने सुरू होते म्हणून 'मा' (माझी) न लागता 'मों' (माझा) लागतो आणि जोडून 'मोनामी' होतं. 'मों' बघून पुढचं विशेषण पुल्लिंगी करायचं नाही. मोनामी ए बावार्द. मित्र असेल तर मोनामी ए बावार. बोलताना दोन्हीतला फरक फक्त शेवटच्या 'द'मध्ये उरतो, म्हणून तो 'द' गिळू नका.

उंबरठा
मला 'चांगला' या शब्दाबद्दल सांगायचं आहे, कारण यात खरोखर अडचण होते.

'ती चांगली आहे' याचं शब्दशः 'एल ए बॉन' करू नका. बोलीभाषेत बाईबद्दल असं म्हटलं की अभद्र अर्थ निघतो. स्वभावाने चांगली म्हणायचं तर 'एल ए झाँतीय'. माणूस म्हणून चांगली म्हणायचं तर 'से केल्कँ द ब्यँ'. हे वाक्य पुरुषालाही चालतं, बाईलाही चालतं, काहीच बदलत नाही. गणितात चांगली म्हणायचं तर 'एल ए फॉर्त आँ मात'.

पाचवा_मजला
'केल्कँ द'ची आणखी एक सोय. याच्यापुढे विशेषण नेहमी पुल्लिंगी एकवचनी. बाईबद्दलही 'से केल्कँ द झेनेरो'. आणि बरोबर उलट 'पेर्सॉन' हा शब्द. तो कायम स्त्रीलिंगी. काकांबद्दल बोलतानासुद्धा 'से यून पेर्सॉन झेनेरोज़'. आपल्याकडे 'व्यक्ती' स्त्रीलिंगी आहे ना? 'काका ही उदार व्यक्ती आहे' म्हणतोच की आपण. अगदी तेच.

निळी_शाई
व्यक्तीचं उदाहरण लगेच डोक्यात बसलं. एक शंका: 'इल ए' कधी आणि 'से' कधी?

अनुस्वार
पुढे नुसतं विशेषण असेल तर इल ए, एल ए. पुढे 'एक', 'माझा' असं काही लागून नाम आलं तर से. 'इल ए तिमीद' पण 'सेतँ गार्सों तिमीद' (तो लाजाळू मुलगा आहे). 'इल एतँ गार्सों' चुकीचं.

व्यवसायाला आर्टिकल, म्हणजे 'अँ' किंवा 'यून' (एक), लागत नाही. एल ए मेदसँ, ती डॉक्टर आहे. पण डॉक्टरला विशेषण लावलंत की लगेच से: 'सेतँ बों मेदसँ'. 'ती एक डॉक्टर आहे' ही इंग्रजीची सवय, मराठीत आपण 'ती डॉक्टर आहे' म्हणतो. इथेही मराठी जास्त जवळची.

आणि प्रश्न ऐकताना जपा. 'कोमाँ एतील?' म्हणजे तो कसा आहे, स्वभावाने किंवा दिसायला. 'कोमाँ वातील?' म्हणजे त्याची तब्येत कशी आहे. मराठीत दोन्हीला 'कसा आहे?' चालतं, म्हणून पहिल्या प्रश्नाला 'बरा आहे' असं उत्तर दिलं जातं.

काजूगर
विशेषणाच्या जागेबद्दल. मराठीत ते नामाआधी येतं, फ्रेंचमध्ये स्वभावाची बहुतेक नामानंतर: अँ गार्सों तिमीद, यून फीय सेरियोज़. आधी येणारी थोडी: बों (चांगला), ग्राँ (मोठा), प्ती (लहान), बो (देखणा) अशी छोटी रोजची. झाँती दोन्हीकडे चालतं.

काही शब्द जागा बदलली की अर्थ बदलतात. 'अँ ग्राँतॉम' म्हणजे थोर माणूस, 'अँनॉम ग्राँ' म्हणजे उंच माणूस. 'अँ ब्राव्हॉम' म्हणजे भला, सरळमार्गी गृहस्थ आणि 'अँनॉम ब्राव्ह' म्हणजे शूर. ए-वनला सोपा उपाय: विशेषण नामाला चिकटवूच नका. 'इल ए ग्राँ', 'इल ए ब्राव्ह' म्हणा आणि पुढे जा.

मधली_सुट्टी
इंग्रजी ओळखीमुळे फसवणारे शब्द कुणीतरी एकत्र टाका ना. त्यातच गडबड होते.

उंबरठा
घ्या. साँसीब्ल म्हणजे हळवा, समंजस नाही. समंजसला रेज़ोनाब्ल. सँपातीक म्हणजे सहानुभूती दाखवणारा नव्हे, भेटल्यावर आवडणारा माणूस. रोजच्या बोलण्यात नुसतं 'सँपा', आणि ते स्त्रीलिंगीत बदलत नाही. ल्यूनातीक म्हणजे वेडा नव्हे, लहरी. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरंच, असा. मालिस्यो म्हणजे दुष्ट नाही, खोडकर. झाँती म्हणजे मृदू नाही, प्रेमळ. मृदूला दू. आणि 'मी उत्सुक आहे' म्हणून 'एक्सिते' वापरू नका, त्याला शारीरिक अर्थ चिकटलेला आहे. 'झ सुई कोंताँ' म्हणा, मुलगी असेल तर 'कोंताँत'.

साझ हा शब्द मला फार आवडतो. मोठ्या माणसाबद्दल म्हटला तर शहाणा, विवेकी. लहान मुलाबद्दल म्हटला तर त्रास न देणारं, गुणी बाळ. आपणही मुलाला 'शहाणं बाळ माझं ते' म्हणतो तेव्हा तेच म्हणत असतो.

दादर_टीटी
ही यादी सोन्यासारखी आहे. त्यात 'काराक्तेर' घाला. 'इल आ मोव्हे काराक्तेर' म्हणजे तो चारित्र्याने वाईट असं नाही, तिरसट आहे, पटकन बिनसतं त्याचं. 'एल आ द्यू काराक्तेर' म्हणजे ती खमकी आहे. आणि गोष्टीतलं पात्र म्हणायचं असेल तर काराक्तेर नव्हे, पेर्सोनाझ.

वडाचापार
राग आला म्हणून रागीट ठरत नाही, हेही सांगायला हवं. 'त्याला राग आला आहे' म्हणजे 'इल ए आँ कोलेर', आत्तापुरतं. 'तो रागीट आहे' म्हणजे 'इल ए कोलेरीक', कायमचं.

मराठीत गुण बरेचदा 'ला' किंवा 'कडे' लावून सांगतो: त्याच्याकडे धीर आहे, तिला विनोदबुद्धी आहे. फ्रेंचमध्ये त्याला 'असणे' नव्हे, 'जवळ असणे' हे क्रियापद: इल आ द ला पास्याँस, एल आ द ल्यूमूर. वयही तसंच. 'एल ए 58 आँ' नाही, 'एल आ 58 आँ'. तिच्याजवळ अठ्ठावन्न वर्षं आहेत, असं समजा.

पाचवा_मजला
मात्रेचे शब्द. त्रे म्हणजे खूप, आसे म्हणजे बऱ्यापैकी, प्ल्यूतो म्हणजे 'तसा', अँ पो म्हणजे थोडा. यातला 'अँ पो' चांगल्या गुणाला लावायचा नाही. 'अँ पो पारेसो' चालतं, 'अँ पो झाँती' कानाला विचित्र लागतं. थोडीच धीराची आहे म्हणायचं तर 'एल ने पा त्रे पास्याँत' किंवा 'एल ए अँ पो अँपास्याँत'. वाईट गुण सौम्य करून सांगायची फ्रेंचांची नेहमीची वाट ही: चांगला शब्द घ्यायचा आणि तो 'फारसा नाही' म्हणायचा. आपण 'तो काही फार हुशार नाही' म्हणतो त्याच चालीवर.

स्लो_लोकल
जरा विषयांतर. हट्टी म्हणजे 'तेत्यू कॉम यून म्यूल', खेचरासारखा हट्टी. बडबड्याला 'बावार कॉम यून पी'. पी हा युरोपात दिसणारा, कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा पक्षी. अबोल माणूस 'म्यूए कॉम यून कार्प', माशासारखा मुका. चलाख 'मालँ कॉम अँ सँझ', माकडासारखा. आळशाबद्दल 'इल आ अँ प्वाल दाँ ला मँ', त्याच्या तळहातावर केस उगवलाय. कामच नाही केलं तर उगवणारच!

कंजूषाला 'अँनार्पागों'ही म्हणतात. मोलियेरच्या 1668 सालच्या नाटकातल्या कवडीचुंबक म्हाताऱ्याचं ते नाव, आता सामान्यनाम झालंय. आपण 'अगदी नारदमुनी आहे' म्हणतो तसं.

मधली_सुट्टी
तळहातावर केस!! हे आज घरात तिघांना ऐकवलं जाणार.

उंबरठा
विषयांतर छानच, पण ए-वनच्या उत्तरात यातली एकच म्हण टाका, तीही अगदी पक्की असेल तर.

मला एक खरी अडचण मांडायची आहे. मराठीतले काही शब्द एका शब्दात जातच नाहीत. भोळा म्हणजे नाईफ? नाईफमध्ये 'जरा कच्चा' असा वास आहे. भोळ्यात माया आहे. आणि लाघवीला काय म्हणायचं? आफेक्त्युओ म्हणजे प्रेमळ, ते लाघवी नव्हे.

अनुस्वार
एका शब्दात सांगायचा अट्टहास सोडायचा. भोळ्यासाठी 'इल ए अँ पो नाईफ, मे इल आ बों कर': थोडा भोळा, पण मनाने चांगला. दुसरा भाग पहिल्यातला कच्चेपणा धुऊन काढतो. लाघवीसाठी विशेषणच नको, कृती सांगा: 'इल से पार्ले ओ झाँ', त्याला माणसांशी बोलता येतं.

स्वभाव पटतो तो विशेषणाने नाही, त्यामागच्या कृतीने. 'एल ए बावार्द' एवढ्यावर थांबू नका, 'ती जिन्यात सारखी बोलत असते' जोडा. वर्तमानकाळातलं एक साधं क्रियापद पुरतं.

निळी_शाई
आता मूळ प्रश्नाकडे. वरचं सगळं वाचून मुद्दाम चुका न सुधारता एक उतारा टाकते, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करा. चाळीतल्या शेजारच्या काकू, नाव सुशीला धरू.

"मा वुआज़ीन सापेल सुशीला. एल ए 58 आँ. एल एत यून प्रोफेसर. एल ए त्रे झाँती ए बावार. एल ए बॉन. एल ए अँ पो पास्याँत. सों मारी सों काल्म. इल सों झेनेरोज़."

वडाचापार
मी नवऱ्यापासून सुरू करतो. 'सों मारी' बरोबर. मारी पुल्लिंगी, म्हणून मालकीण बाई असली तरी 'सों'. पण पुढचा 'सों' हा अनेकवचनी क्रियापद आहे, आदरार्थी बहुवचन शिरलं. सों मारी ए काल्म. दोन्ही 'सों' ऐकायला अगदी सारखे आणि लिहायला वेगळे, म्हणून कानावर विसंबू नका. शेवटी दोघं मिळून म्हणजे मिश्र जोडी, झेनेरोज़ नाही, झेनेरो. अनेकवचन आहे तरी एस लावायचा नाही, एक्सवर संपणारा शब्द अनेकवचनात तसाच राहतो.

काजूगर
झाँतीय, बावार्द. वयाला 'आ'. शिक्षिकेआधीचं 'यून' काढा. प्रोफेसर ऐकायला तेच, लिहिताना शेवटी 'ई' लावलेलं स्त्रीलिंगी रूप आता सर्रास चालतं.

उंबरठा
'एल ए बॉन' काढून 'से केल्कँ द ब्यँ'. 'अँ पो पास्याँत' पूर्ण काढा, बावार्दलाच 'अँ पो' द्या. आणि झाँतीय-बावार्दमध्ये 'आणि' नको, 'पण' हवा. प्रेमळ आहे, पण जरा बोलकी.

निळी_शाई
सगळ्यांच्या दुरुस्त्या घालून:

"मा वुआज़ीन सापेल सुशीला. एल आ 58 आँ. एल ए प्रोफेसर. एल ए त्रे झाँतीय, मे अँ पो बावार्द: एल पार्ल तूझूर दाँ लेस्काल्ये. से केल्कँ द ब्यँ. सों मारी ए काल्म ए इल एम ला म्यूज़ीक. इल सों झेनेरो."

माझ्या शेजारणीचं नाव सुशीला. वय 58. शिक्षिका आहे. खूप प्रेमळ, पण जरा बोलकी: जिन्यात कायम बोलत असते. भली बाई. तिचा नवरा शांत आहे आणि त्याला संगीत आवडतं. दोघं उदार आहेत.

पाचवा_मजला
शब्द मोजले, बरोबर 40. डेल्फ ए-वनच्या लेखी भागात फॉर्म भरल्यानंतर छोटा मजकूर लिहायचा असतो, तो साधारण एवढाच. मोजताना दोन मोकळ्या जागांमधलं ते एक. 'सापेल' किंवा 'लेस्काल्ये' अपॉस्ट्रॉफीने जोडलेले असले तरी एकेकच धरायचे.

लेखन, वाचन, ऐकणं, बोलणं, चारही भाग पंचवीस-पंचवीस गुणांचे. एकूण 50 हवेत आणि प्रत्येक भागात किमान 5. म्हणजे बोलण्याच्या भीतीने एक भाग सोडून देऊन चालत नाही.

स्लो_लोकल
तोंडीचा पहिला भाग तयारीला वेळ न देता सुरू होतो, तुम्ही कोण, घरी कोण असं परीक्षक विचारतात. तिथे हाच उतारा कामाला येतो, पण पाठ केलेला एकसुरात म्हणू नका. 'पार्ले-मुआ द वोत्र फामीय' (तुमच्या घरच्यांबद्दल सांगा) कानावर पडलं की आई, बाबा, भावंड यांपैकी एकेकाला एक गुण आणि एक कृती. मा मेर ए आक्तीव, एल मार्श ल मातँ (आई सकाळी चालते). मों पेर ए द्रोल, इल राकोंत दे झिस्त्वार (बाबा गोष्टी सांगतात). तीन माणसं झाली की मिनिट भरतं.

अनुस्वार
शेवटचा शब्द 'देज़िस्त्वार', 'झ' नाही. आधीच्या शब्दाचा मुका एस स्वरापुढे जोडून बोलला की त्याचा 'ज़' होतो. बाकी दोन्ही वाक्यं तशीच्या तशी घ्या.

स्लो_लोकल
बरोबर, दे ज़िस्त्वार. दुरुस्ती मान्य.

निळी_शाई
वहीत डावीकडे स्त्रीलिंगी, उजवीकडे पुल्लिंगी आणि तिसऱ्या रकान्यात कृती, असं आखून घेतलं आहे. पहिल्या ओळीत बावार्द, बावार, जिना.